पहिल्या नोकरीचा हिशेब

हॉटेल व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या परीक्षा जवळ आल्या, की सूचनाफलकावर वेळापत्रकाच्या शेजारी दुसरी एक यादी लागू लागते. कोणत्या हॉटेलाने किती विद्यार्थी निवडले, याची ती यादी असते. पुढील वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हीच यादी ‘शंभर टक्के नेमणुका’ अशा ठळक अक्षरांत छापली जाते आणि संस्थेच्या दृष्टीने तो विषय तेथे संपतो. ज्याचे नाव यादीत असते, त्याच्या दृष्टीने मात्र तो तेथे सुरू होतो. त्यातही ज्याच्या हाती एकाऐवजी दोन पत्रे पडली आहेत, त्याला शेजारीपाजारी भाग्यवान समजतात. आणि तो स्वतः रात्र रात्र जागून त्या दोन कागदांची उलटापालट करीत असतो.

कुडाळकडील एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. बारावीनंतर राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा देऊन तिने मुंबईला दादरच्या संस्थेत तीन वर्षे काढली. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली सुरू झालेली ही संस्था या क्षेत्रातील देशातली आद्य संस्था होय. तिच्या फीसाठी वडिलांनी बँकेचे कर्ज काढले आहे आणि अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने त्याचा हप्ता सुरू व्हावयाचा आहे. आता तिच्यापुढे दोन पत्रे आहेत. पहिले मुंबईच्या विमानतळाजवळील एका पंचतारांकित हॉटेलाचे. हुद्दा प्रशिक्षणार्थी, मुदत अठरा महिन्यांची, पगार महिना १८,००० रुपये, राहण्याची व्यवस्था ज्याची त्याने करावयाची. दुसरे पत्र उत्तर गोव्यातील चाळीस खोल्यांच्या एका हॉटेलाचे. हुद्दा फ्रंट ऑफिस सुपरवायझर, पगार महिना २२,००० रुपये, राहणे-जेवणे मालकाकडे, आणि घर बसने दोन तासांवर. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु पत्रांची घडण काल्पनिक नाही. हॉटेलच्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या हजारो मुलामुलींपुढे दरवर्षी हाच पेच थोड्याफार फरकाने उभा राहतो.

अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. प्राध्यापक म्हणतात, मोठ्या नावाचा शिक्का एकदा बसला की जन्माचे काम झाले. मामा म्हणतो, बडा घर पोकळ वासा. चार पैसे जास्त मिळताहेत, घर जवळ आहे, मग मुंबईच्या लोकलमध्ये चिरडून घेण्यात काय हशील? आईच्या मनात रात्रपाळीची धास्ती असते आणि वडिलांच्या मनात बँकेच्या हप्त्याची. यांपैकी कोणीही चुकीचे बोलत नाही. तथापि प्रत्येक जण पत्रावर लिहिलेल्या गोष्टींविषयी बोलत असतो. या धंद्यातील पत्रांचे वैशिष्ट्य असे, की जे महत्त्वाचे असते ते बहुधा त्यांत लिहिलेले नसते.

पगाराचाच आकडा घ्यावा. २२,००० हे १८,००० पेक्षा अधिक आहेत, हे सांगण्यासाठी पदवीची आवश्यकता नाही. परंतु हॉटेलची नोकरी महिन्यावर मोजावयाची नसते, तासांवर मोजावयाची असते. मोठ्या हॉटेलात नऊ तासांची पाळी खरोखरच नऊ तासांची असेल, तर महिन्याचे सव्वीस दिवस धरून २३४ तास भरतात आणि तासाला सुमारे ७७ रुपये पडतात. लहान हॉटेलात ‘माणसे कमी आहेत, जरा सांभाळून घ्या’ असे म्हणत तीच पाळी बारा तासांवर गेली, तर ३१२ तासांना २२,००० म्हणजे तासाला जेमतेम साडेसत्तर रुपये होतात. जो पगार मोठा वाटला तो असा लहान ठरतो. पण हिशेब येथेही थांबत नाही. मुंबईत एका खोलीत चौघींनी मिळून राहावयाचे म्हटले, तरी एका खाटेचे सात हजार रुपये सहज जातात. ते वजा केले, की पहिल्या पत्रातील तासाचे ७७ रुपये ४७ वर येतात आणि पारडे पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकते. त्यावर असेही म्हणता येईल, की मालकाच्या आवारात राहणाऱ्या माणसाची पाळी कधी संपतच नाही. मध्यरात्री उशिराच्या विमानाने पाहुणे आले आणि रात्रीचा माणूस आला नाही, तर दार कोणाचे ठोठावले जाणार हे ठरलेले असते.

सारांश, नुसत्या आकड्यांनी हा पेच सुटत नाही. तरीही हिशेब मांडलाच पाहिजे. कारण तो मांडताना जे प्रश्न सुचतात, ते पत्र वाचताना सुचत नाहीत. पाळी सलग आहे की सकाळी दहा ते तीन आणि पुन्हा सायंकाळी सहा ते अकरा अशी ब्रेक शिफ्ट आहे? मधल्या तीन तासांत ना घरी जाता येते ना विश्रांती मिळते. कागदावर दहा तास दिसतात आणि दिवस तेरा तासांचा होतो. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, आणि लग्नसराईत ती मिळते का? सुटल्यानंतर शेवटची लोकल गाठता येईल का, नसल्यास हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडते की स्टेशनपर्यंत? पत्रातला आकडा हाती पडणारा आहे, की ज्याला हल्ली सर्वत्र सीटीसी म्हणतात, त्यातला? या सीटीसीमध्ये मालकाने भविष्यनिर्वाह निधीत भरावयाची वर्गणी धरलेली असते, आणि काही ठिकाणी तर कामावर असताना मिळणाऱ्या जेवणाची व गणवेशाच्या धुलाईचीही किंमत लावलेली असते.

सेवाशुल्काची गोष्ट त्याहून नाजूक आहे. ग्राहकाच्या बिलावर आकारल्या जाणाऱ्या या रकमेतून पुष्कळ हॉटेलांत कर्मचाऱ्यांना महिन्याकाठी वाटा मिळत आला, आणि मुलाखतीत पगाराबरोबर त्याचाही उल्लेख हमखास होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती मनाई उचलून धरली. ग्राहकाच्या बाजूने पाहता हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. परंतु ज्या मालकांनी पगाराचा एक भाग वर्षानुवर्षे ग्राहकाच्या खिशातून भागविला, त्यांनी आता तो स्वतःच्या खिशातून भरावयास हवा, हेही तितकेच योग्य होय. तो भरला जाईल की नाही, हे नव्या उमेदवाराने विचारून घेतले पाहिजे. ‘अधिक सेवाशुल्क’ या दोन शब्दांवर कोणीही घरभाडे ठरवू नये.

पगारापेक्षाही फसवी गोष्ट म्हणजे हुद्दा. आपल्याकडे हुद्द्याचे वेड जुने आहे. मुलगी हॉटेलात ‘कामाला’ आहे असे सांगताना जो बाप अडखळतो, तोच ती सुपरवायझर आहे असे सांगताना छाती पुढे काढतो. पण कायद्याच्या दृष्टीने या दोन पत्रांतील दोन्ही शब्द सारखेच धोक्याचे आहेत. पहिल्या पत्रातील करार शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्याखाली नोंदविलेला असेल, तर ती मुलगी प्रशिक्षणार्थी ठरते, कामगार नव्हे. कामगारांसाठी केलेले कायदे तिला सर्वसाधारणपणे लागू होत नाहीत, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन, करारात तसे लिहिले नसेल तर, मालकावर राहत नाही. उलट तीच नेमणूक ठरावीक मुदतीची नोकरी म्हणून असती, तर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर तिला उपदानाचा हक्क मिळाला असता. काम तेच, काउंटर तोच, गणवेशही तोच. केवळ एका शब्दाने एवढे अंतर पडते.

दुसऱ्या पत्रातील शब्द वरच्या बाजूने तेच करतो. औद्योगिक संबंध संहितेत कामगाराची जी व्याख्या आहे, तीतून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक वगळलेला आहे. म्हणजे ज्या दिवशी वेतन त्या रेषेपलीकडे जाईल, त्या दिवशी नोकरीवरून काढले तर दाद मागण्याची कामगाराची वाट या सुपरवायझरला मोकळी राहीलच असे नाही. न्यायालये हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे. चाळीस खोल्यांच्या हॉटेलात जी सुपरवायझर स्वतःच फोन उचलते, स्वतःच बिल करते आणि स्वतःच पाहुण्यांच्या बॅगा मोजते, तिच्या हाताखाली देखरेख करण्यासारखे कोणीच नसते. पण हे सिद्ध करण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि बावीस वर्षांची मुलगी पहिल्या नोकरीसाठी न्यायालयात जात नाही. ती मुकाट्याने घरी जाते. एकीला ‘अजून शिकाऊ’ म्हणून संरक्षण नाही आणि दुसरीला ‘आता साहेब’ म्हणून नाही, असा हा प्रकार आहे. धंद्यातील सर्वांत कष्टाची कामे ज्या पायरीवर होतात, ती पायरीच या दोन शब्दांच्या मध्ये कोठेतरी हरवून जाते.

तिसरी गोष्ट बंधपत्राची. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास अमुक लाख रुपये भरावे लागतील, अशी अट प्रशिक्षणार्थींच्या पत्रांत सर्रास आढळते; क्वचित मूळ प्रमाणपत्रेही ठेवून घेतली जातात. अशी अट म्हणजे केवळ धाक, न्यायालयात ती टिकत नाही, असे विद्यार्थ्यांत बोलले जाते. या भरवशावर कोणी राहू नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरविली. अर्थात ते प्रकरण सरकारी बँकेतील अधिकाऱ्याचे होते आणि भरतीसाठी जाहीर प्रक्रियेचा खर्च पुन्हा करावा लागतो, हा तेथे महत्त्वाचा मुद्दा होता. करार कायद्याप्रमाणेही भरपाई वाजवीच असावी लागते. ज्या हॉटेलाने प्रशिक्षणाच्या नावाखाली वर्षभर केवळ खोल्या आवरून घेतल्या, त्याने कोणता खर्च केला, हा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे. पण तो सही करण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न आहे, सही केल्यानंतरचा नव्हे. आणि मूळ प्रमाणपत्रे मागणाऱ्याला तर सरळ नकार द्यावा. जो मालक पहिल्याच दिवशी कागद अडकवून ठेवतो, त्याच्या घरी माणसे आपणहून टिकत नाहीत, हे त्याने स्वतःच कबूल केलेले असते.

पत्राच्या शिरोभागी नाव कोणाचे आहे, हेही पाहिले पाहिजे. इमारतीवर झळकणारे नाव आणि इमारतीचा मालक हे आज पुष्कळदा एक नसतात. इमारत एका बांधकाम कंपनीची, कारभार दुसऱ्या हॉटेल कंपनीकडे, आणि हाऊसकीपिंगचे काम तिसऱ्याच ठेकेदाराकडे, अशी व्यवस्था आता सर्वमान्य झाली आहे. पत्र ठेकेदाराचे असेल, तर ज्या नावासाठी ती मुलगी चार हजार रुपयांवर पाणी सोडावयास निघाली आहे, ते नाव तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर कधी येणारच नाही.

एवढी सारी छाननी झाल्यानंतर मुख्य प्रश्न उरतो आणि तो शिकण्याचा आहे. महाविद्यालयात तीन वर्षे स्वयंपाकघर, वाढप, हाऊसकीपिंग व फ्रंट ऑफिस हे चार विभाग शिकविले जातात, परंतु या धंद्याचे खरे शिक्षण पहिल्या दोन नोकरीच्या वर्षांत होते. संतापलेल्या पाहुण्यासमोर आवाज न चढवता उभे कसे राहावे, रात्रीचा हिशेब एका रुपयाने जुळत नसेल तर तो कोठे शोधावा, एका पाळीत बारा-पंधरा खोल्या आवरताना कंबर कशी सांभाळावी, या गोष्टी पुस्तकात नाहीत. त्या कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवाव्या लागतात.

मोठ्या घराची थोरवी येथे आहे. तेथे प्रत्येक कामाची रीत लिहून ठेवलेली असते आणि ती हाडीमाशी खिळेपर्यंत करून घेतली जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा एका मेजवानीच्या दालनातील पाहुण्यांना दारे बंद करून, दिवे मालवून, रात्रभर धीर देत सांभाळणारी हॉटेलची अधिकारी अवघी चोवीस वर्षांची होती. त्या रात्रीच्या वर्तनाचा अभ्यास करणारा लेख डिसेंबर २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला. हे हॉटेल लहान गावांतून मुले निवडते आणि इतरत्र बारा महिने चालणारे शिक्षण त्यांना अठरा महिने देते, या गोष्टींकडे लेखकांनी मुद्दाम लक्ष वेधले. लहान पगाराचे अठरा महिने सत्कारणी लागू शकतात, ते असे. मात्र त्यासाठी ते महिने शिक्षणाचे असावे लागतात. ‘प्रशिक्षणार्थी’ हे स्वस्त मजुराचे सभ्य नाव झाले असेल आणि अठरा महिने एकाच मजल्यावर चादरी बदलण्यात जाणार असतील, तर पंचतारांकित इमारतीचा त्या मुलीला उपयोग काय?

लहान घराचीही एक थोरवी आहे आणि या धंद्याचा इतिहासच तिची साक्ष देतो. मोहनसिंग ओबेरॉय १९२२ साली सिमल्याला आले आणि तेथील सेसिल या प्रतिष्ठित हॉटेलात महिना ५० रुपयांवर कारकून म्हणून लागले. पुढे त्यांचे वरिष्ठ क्लार्क यांनी एक लहान हॉटेल घेतले आणि आपल्याबरोबर येण्याविषयी ओबेरॉय यांना विचारले. सेसिलचा दिमाख सोडून ते लहान हॉटेलात गेले. तेच हॉटेल त्यांनी १९३४ साली पत्नीचे दागिने आणि होते-नव्हते ते गहाण टाकून विकत घेतले, आणि १९४३ साली ज्या कंपनीकडे सेसिल होते, त्या कंपनीचीच सूत्रे हाती घेतली. या कथेचे तात्पर्य लहान हॉटेलात गेलेला प्रत्येक कारकून मालक होतो, असे काढण्याचे कारण नाही. ओबेरॉय यांनी सेसिल सोडले ते चार रुपये अधिक मिळतात एवढ्यासाठी नव्हे. ज्याच्या हाताखाली आपण शिकत आहोत त्या माणसामागे ते गेले, आणि जेथे एकाच माणसाच्या हाती अनेक कामे येतात अशा जागी गेले. मुंबईच्या उडुपी हॉटेलांतही असेच घडले. दिवसा टेबले पुसणारी मुले संध्याकाळी रात्रशाळेत जात, आणि त्यांच्यातील काही जण पुढे स्वतःच्या गल्ल्यावर बसले. त्यामागे मुलाला शाळेच्या वेळेला मोकळे सोडणारे मालक होते, हे विसरता येत नाही. सारेच मालक तसे नव्हते; आजही नाहीत.

म्हणून मोठे की लहान, मुंबई की गोवा, हा प्रश्न मांडण्याची पद्धतच चुकीची आहे. दोन्ही ठिकाणी आपल्यावर थेट देखरेख कोण करणार, आणि त्या माणसाच्या हाताखालून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत, एवढे त्या मुलीने शोधून काढले, तर निम्मा पेच सुटेल. हे शोधणे अवघड नाही. गेल्या वर्षी तेथे लागलेल्या मुलांना गाठावे. शक्य असल्यास एक दिवस हॉटेलात जाऊन यावे, आणि पाहुण्यांच्या दालनापेक्षा कर्मचाऱ्यांची जेवणाची खोली पाहावी. ज्या घरात वाढणाऱ्याचे ताट नीट नसते, तेथे पाहुण्याच्या ताटातील देखणेपणा कोणाच्या तरी पोटाला चिमटा काढून आलेला असतो. विभाग बदलून काम देण्याचे वेळापत्रक लेखी मिळत असेल, तासांची नोंद खरी ठेवली जात असेल आणि मुदतीनंतर कायम करण्याची अट स्पष्ट असेल, तर मुंबईचे पत्र कमी पगारातही स्वीकारण्यासारखे आहे. दोन वर्षांची ओढाताण पुढील वीस वर्षांत भरून निघते. यातले काहीच मिळत नसेल आणि गोव्याच्या हॉटेलात एखादा जाणता व्यवस्थापक शिकवावयास असेल, तर नावाचा मोह सोडावा. मात्र गोव्याचा हंगाम ऑक्टोबरपासून मार्चपर्यंतचा. पावसाळ्यातील चार महिने पगार पुरा मिळतो की निम्मा, हे तेथे लेखी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

तथापि हा सारा भार बावीस वर्षांच्या मुलीच्या शिरावर टाकून मोकळे होणे न्यायाचे नाही. ती ज्या दोन कागदांतून निवड करते, ते कागदच अपुरे असतील, तर तिच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. श्रमसंहितांनी नेमणूकपत्र सक्तीचे केले आणि मूळ वेतन नाममात्र ठेवून बाकीची रक्कम भत्त्यांत दडविण्याच्या वाटा पुष्कळशा बंद केल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण नेमणूकपत्र हाती पडते ते निवड झाल्यानंतर. निवड होते त्या वेळी हाती असते ते आशेने भरलेले एक पानभर पत्र. महाविद्यालयांनी मनावर घेतले, तर येथे पुष्कळ करता येईल. आवारात मुलाखतींसाठी येणाऱ्या प्रत्येक हॉटेलाने हाती पडणारा पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रात्रीची वाहतूक, बंधपत्र आणि प्रत्यक्ष नियोक्त्याचे नाव एका ठरावीक नमुन्यात लिहून द्यावे. जे देणार नाही त्याला आवाराचे दार बंद. आणि ‘शंभर टक्के नेमणुका’ छापण्याऐवजी, नेमलेल्यांपैकी किती जण दोन वर्षांनंतरही या धंद्यात आहेत, हा आकडा छापावा. तो आकडा छापण्याचे धाडस किती संस्था करतील, यावरून त्यांच्या शिक्षणाची आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मालकांची परीक्षा एकदमच होईल. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देताना खोलीचे क्षेत्रफळ आणि न्हाणीघरातील नळ मोजते; त्याच पथकाने कर्मचाऱ्यांच्या हजेरीची वही उघडून पाहिली, तर एखाददुसरा तारा निखळून पडेलही; पण उरतील ते खरे असतील.

हॉटेलमालकांनाही हे ऐकून राग येण्याचे कारण नाही. चांगली माणसे टिकत नाहीत ही तक्रार त्यांचीच आहे. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्रातील उपाहारगृहे मार्चअखेरीस बंद झाली ती बसून खाण्यासाठी पुन्हा उघडली ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या आसनांवर. त्या महिन्यांत ज्यांना विनापगार घरी बसविले गेले, त्यांतील कित्येक जण दुसऱ्या धंद्यात गेले ते परत आले नाहीत. ज्या धंद्याने पडत्या काळात हात सोडला, त्याच्याकडे माणूस चढत्या काळात केवळ पगारासाठी येतो आणि चार रुपये अधिक मिळताच निघून जातो. बंधपत्राने तो अडकविता येईल; त्याच्या चेहऱ्यावर आतिथ्य आणता येणार नाही.

शेवटी, त्या कुडाळच्या मुलीपुढे तिसरे पत्र का नाही, हाही प्रश्न विचारावयास हवा. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. समुद्र आहे, किल्ले आहेत, माशांचे कालवण आणि सोलकढी आहे, आणि शिकलेली मुलेही आहेत. तरीसुद्धा सावंतवाडी-दोडामार्गाकडील तरुण रोज सकाळी दुचाकीवरून हद्द ओलांडून गोव्यात कामाला जातात, आणि मुलींना तीन वर्षांच्या शिक्षणानंतर मुंबईची खाट किंवा गोव्याचा हंगाम यांतून निवड करावी लागते. घोषणेला पाव शतकाहून अधिक काळ उलटल्यावरही परिस्थिती ही असेल, तर जिल्ह्याला मिळाली ती पाटी होती, नोकऱ्या नव्हेत, असेच म्हणावे लागेल.

तोपर्यंत ती मुलगी आपल्या दोन पत्रांशी एकटीच बसलेली असेल. तिने घाई करू नये. उत्तरासाठी दिलेली मुदत संपेपर्यंत तिला दोन्ही ठिकाणी प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि विचारलेल्या प्रश्नांना लेखी उत्तर मागण्याचाही. जे हॉटेल उमेदवाराच्या पाच साध्या प्रश्नांनी चिडते, ते पुढे कर्मचाऱ्याची तक्रार कशी ऐकून घेणार, हे तिला तेथेच कळून येईल. आणि पुष्कळदा तेवढ्यावरूनच कोणत्या पत्रावर सही करावयाची ते ठरेल.